सोबत आणलेल्या लायब्ररीची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासनासाठी बनणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या लायब्रऱ्यांची यादी आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी निविदेत लिहिण्याबाबत.

महोदय,

शासकीय सॉफ्टवेअरच्या निविदेत सर्व्हर केवढा हवा हे लिहिलेले असते, काम रखडले तर दंड किती हे लिहिलेले असते, पडदा मराठीत हवा हेही लिहिलेले असते. पण त्या सॉफ्टवेअरच्या पोटात इतरांनी लिहिलेला कोणता कोड येऊन बसणार आहे आणि पुढे त्यात दोष सापडला तर तो कोणी, किती दिवसांत दुरुस्त करायचा, याबद्दलचे कलम मला फार क्वचित वाचायला मिळते. ते कलम प्रत्येक निविदेत असावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवले आहे, कारण हा प्रश्न जितका मंत्रालयाचा आहे तितकाच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचा आहे, आणि दाखले, उतारे, शिष्यवृत्ती, पगार यांसाठी या सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आज कोणतेही सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच हाताने लिहिलेले नसते. फाइल दाबून लहान करणे, चित्र उघडणे, मजकूर गुप्त करून पाठवणे, देवनागरी अक्षरांची जुळणी करणे ही कामे करणारा तयार कोड लायब्रऱ्यांच्या रूपात मिळतो. बहुतेक वेळा तो मुक्त परवान्याखाली आणि विनामूल्य असतो. प्रोग्रॅम बिल्ड करताना अभियंत्यापुढे दोन वाटा असतात. ऑपरेटिंग सिस्टिमने एका ठिकाणी ठेवलेली, मशिनवरच्या सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून वापरायची प्रत घ्यायची, ही पहिली वाट. तिला आम्ही सिस्टिम लायब्ररी म्हणतो. त्याच लायब्ररीची स्वतंत्र प्रत आपल्या प्रोग्रॅमबरोबर बांधून पाठवायची, ही दुसरी वाट. तिला बंडल करणे म्हणतात.

गावाला नळयोजना असेल तर टाकीत टीसीएल पावडर एकदा टाकली की सगळ्या घरांचे पाणी शुद्ध होते. घरोघरी स्वतंत्र बोअर असतील तर तेच काम दारोदार फिरून करावे लागते, आणि कोणाच्या परसात बोअर आहे याची नोंदच नसेल तर ते व्हायचे राहते. लायब्ररीत दोष सापडतो त्या दिवशी नेमके हेच घडते.

झेडलिब नावाची एक छोटी लायब्ररी आहे. झाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. डेटा दाबून लहान करणे एवढेच तिचे काम, पण पीएनजी चित्रांपासून वेबसाइटपर्यंत ती सगळीकडे आहे. मार्च २००२ मध्ये तिच्यात एक दोष उघड झाला : मेमरीचा एकच तुकडा दोनदा परत केला जात होता, आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन याचा गैरफायदा घेता येण्याजोगा होता. दुरुस्त केलेली १.१.४ ही आवृत्ती लगेच आली. सिस्टिमची झेडलिब वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी विषय तिथेच मिटला. पण कित्येक प्रोग्रॅमनी झेडलिबचा कोड स्वतःमध्ये उतरवून घेतला होता. रेड हॅट या लिनक्सचे वितरण करणाऱ्या कंपनीला आरसिंक, सीव्हीएस, व्हीएनसी अशी पॅकेजे वेगवेगळी दुरुस्त करून द्यावी लागली. लिनक्स कर्नलमध्येही तिची प्रत होती, तीही दुरुस्त करावी लागली. काही ओळींचा दोष आणि त्यासाठी हुडकायच्या प्रती मात्र असंख्य.

असे हुडकायचे कसे, हे आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यांना दोन मिनिटांत करून पाहता येईल. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही कमांड प्रोग्रॅमच्या फाइलवर चालवली की तो सिस्टिममधल्या कोणकोणत्या लायब्रऱ्या मागतो ते दिसते. झेडलिब त्या यादीत नसेल तर ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड चालवावी. ती बायनरी फाइलमधला वाचता येण्याजोगा मजकूर बाहेर काढते. त्या मजकुरात ‘डिफ्लेट’ हा शब्द शोधला आणि शेजारी ‘१.२.८ कॉपीराइट १९९५-२०१३’ असे काही आणि गायी व ॲडलर यांची नावे दिसली, तर समजावे की झेडलिब आत बंडल केलेली आहे आणि ती २०१३ सालची आहे. आपले नाव आणि आवृत्ती सांगणारी ही ओळ प्रोग्रॅममध्ये राहू द्यावी, अशी विनंती या लेखकांनी कोडमध्येच करून ठेवली आहे. तिच्यामुळे झेडलिब निदान सापडते. बहुतेक लायब्रऱ्या अशी खूण मागे ठेवत नाहीत. झेडलिबच्या कॉम्प्रेशनमधल्या आणखी एका दोषाची दुरुस्ती २०१८ मध्ये लिहिली गेली, पण ती असलेली अधिकृत आवृत्ती १.२.१२ मार्च २०२२ मध्ये निघाली. म्हणजे बायनरीत २०१३ साल दिसले तर ही दुरुस्ती तिथे पोचलेली नाही, असे धरून चौकशी सुरू करावी.

डिसेंबर २०२१ मधली लॉग-फोर-जेची घटना आपल्या विभागातही अनेकांना आठवत असेल. जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवण्यासाठी वापरली जाणारी ही लायब्ररी. बाहेरून आलेल्या मजकुरात एक विशिष्ट रचना असली की ती परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायला वाव देत होती. धोक्याच्या श्रेणीत या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्ती तरी एकदाच यावी, पण त्या एका महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत एकामागून एक आवृत्त्या आल्या आणि प्रत्येक वेळी काम पुन्हा करावे लागले.

त्या दिवसांत एका संस्थेच्या सर्व्हरवर मी जे पाहिले ते सांगते. नावाने शोध घेतल्यावर लॉग-फोर-जेच्या काही फाइली सापडल्या, त्या बदलल्या. मग लक्षात आले की एका ॲप्लिकेशनची वॉर फाइल अजून उघडलीच नव्हती. वॉर फाइल म्हणजे एक झिपच असते. ती उघडली, आतल्या लिब फोल्डरमध्ये साठ-सत्तर जार फाइली, त्यांपैकी कोणाच्याही नावात लॉग-फोर-जे नाही. त्या जार फाइलीही झिपच. प्रत्येकीत ‘जेएनडीआयलुकअप’ नावाचा क्लास आहे का ते पाहत गेल्यावर एका रिपोर्ट छापणाऱ्या जारमध्ये तो सापडला. ती जार बनवणाऱ्याने लॉग-फोर-जेचे सगळे क्लास आपल्यात मिसळून टाकले होते. ॲप्लिकेशनच्या पुरवठादाराचा करार संपलेला होता आणि सोर्स कोड संस्थेकडे नव्हता. तो एक क्लास जारमधून काढून टाकणे, सर्व्हर पुन्हा सुरू करणे आणि रिपोर्ट अजून छापले जातात का ते पाहणे, एवढेच करण्यासारखे होते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे हे त्या संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते कोणाला विचारलेच गेले नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीत असाच गंभीर दोष निघाला. सुरुवातीला तो क्रोम ब्राउझरचा दोष म्हणून जाहीर झाला. हीच लायब्ररी फायरफॉक्समध्ये आहे, आणि इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेल्या अनेक डेस्कटॉप ॲपमध्येही आहे, कारण अशा प्रत्येक ॲपमध्ये क्रोमचा गाभा असलेले अख्खे क्रोमियम बांधून दिलेले असते. म्हणजे एकाच लॅपटॉपवर एकाच लायब्ररीच्या चार-पाच प्रती, आणि प्रत्येकीची दुरुस्ती वेगळ्या कंपनीच्या सवडीवर अवलंबून. विंडोजच्या जगाला हा अनुभव आणखी जुना आहे. २००४ मध्ये जेपीईजी चित्रे उघडणाऱ्या जीडीआय प्लसमध्ये दोष निघाला, तेव्हा ती डीएलएल इतर प्रोग्रॅमबरोबर कुठे कुठे येऊन बसली आहे हे शोधण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले होते.

इथपर्यंत वाचून बंडल करण्यावर सरसकट बंदी घालावी असे वाटू शकते. माझी मागणी ती नाही. बंडल करणारे अभियंते आळशी किंवा बेफिकीर असतात असेही नाही. त्यांची कारणे खरी असतात आणि ती नीट ऐकून घेतल्याशिवाय चांगला नियम लिहिता येणार नाही.

पहिले कारण चाचणीचे. ज्या आवृत्तीवर प्रोग्रॅम तपासला तीच आवृत्ती ग्राहकाकडे असेल याची खात्री फक्त बंडल करून मिळते. दुसरे कारण सर्व्हरच्या वयाचे. सरकारी सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम सहसा दीर्घ मुदतीच्या पाठिंब्याची, म्हणून जुनी असते. तिच्यातली लायब्ररी स्थिर असते, पण नव्या सोयी तिच्यात नसतात. तिसरे कारण काही लायब्रऱ्यांच्या घडणीचे. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते स्वतःच सगळा कोड एका मोठ्या सी फाइलमध्ये एकत्र करून देतात आणि ती आपल्या प्रोग्रॅममध्ये घालून बांधण्याची शिफारस करतात. गो आणि रस्ट या भाषांमध्ये तर लायब्रऱ्या प्रोग्रॅममध्येच बांधून टाकण्याची रीत आहे.

चौथे कारण आपल्या भाषेचे आहे. देवनागरीत पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाच्या आधी. जोडाक्षरांना वेगळी रूपे लागतात. ‘दऱ्या’मधला र ‘आर्य’मधल्या रफारासारखा डोक्यावर जात नाही, आडवा बसतो. ही जुळणी करण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी करते. लिबरऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर पूर्वी लिनक्सवर एक, विंडोजवर दुसरी आणि मॅकवर तिसरी यंत्रणा वापरत असे. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ आली. विंडोज आणि मॅकवर ती सिस्टिमबरोबर येत नाही, म्हणून लिबरऑफिसला ती सोबत न्यावीच लागते. त्यामुळे एकच मराठी मजकूर तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने जुळवला जाऊ लागला. बंडल करण्याचा मराठीला थेट फायदा झाला तो असा.

पण याच लिबरऑफिसचा पुढचा भाग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. ते बिल्ड करताना हार्फबझ सिस्टिमची घ्यायची की सोबतची, हे एका पर्यायाने ठरवता येते. असा पर्याय इतर अनेक लायब्रऱ्यांसाठी आहे, आणि सगळ्या शक्य त्या सिस्टिमच्याच घ्या असे सांगणारा पर्यायही आहे. डेबियन या लिनक्स वितरणाचे पॅकेज बनवणारे सिस्टिमची हार्फबझ निवडतात. थेट संकेतस्थळावरून दिले जाणारे विंडोजचे बिल्ड सोबतची प्रत घेऊन येते. सोबत आणलेल्या लायब्रऱ्या कोडमध्ये एका ठरलेल्या फोल्डरखाली, आवृत्तीसह नोंदलेल्या आहेत. निवड मोकळी, पण निवडीची नोंद आहे आणि ती बदलण्याची सोय आहे. आपल्याकडच्या पुरवठादारांकडून मला नेमके एवढेच हवे आहे.

आता याच्या उलट उदाहरण. एखाद्या पोर्टलच्या पडद्यावर नागरिकाचे नाव बिनचूक दिसते आणि त्याच पोर्टलने काढून दिलेल्या पीडीएफ दाखल्यात वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘क्ष’ फुटून क आणि ष वेगळे होतात. पडद्यावर नाव दाखवतो ब्राउझर, आणि त्यात अक्षरजुळणीची चांगली लायब्ररी असते. पीडीएफ मात्र पुरवठादाराने बंडल केलेला वेगळा कोड बनवतो. तो इंग्रजीप्रमाणे एकापुढे एक अक्षर मांडत गेला की मराठी मोडते. निविदेत ‘युनिकोडला अनुरूप’ असे लिहिल्याने हे टळत नाही, कारण साठवलेला मजकूर युनिकोडच असतो. चूक जुळणीत असते. सर्व्हरवर चांगली लायब्ररी हजर असताना नागरिकाच्या हाती मोडक्या नावाचा दाखला पडतो.

सिस्टिम लायब्ररी निर्दोष असते, असेही मी म्हणणार नाही. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या मजकूर गुप्त करणाऱ्या लायब्ररीच्या आपल्या पॅकेजमध्ये एक बदल केला. मेमरी तपासणाऱ्या साधनाची एक तक्रार घालवण्यासाठी काढलेल्या त्या ओळीमुळे गुप्त किल्ल्या बनवतानाची यदृच्छा जवळजवळ संपली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या शक्य उरल्या. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या टाकून देऊन नव्या कराव्या लागल्या. मूळ ओपनएसएसएल जशीच्या तशी बंडल करणारे यातून वाचले. एकाच ठिकाणाहून सगळ्यांना पुरवठा होतो तेव्हा चूकही सगळ्यांना मिळते.

मार्च २०२४ मधली एक्सझेडची घटना याहून गंभीर. कॉम्प्रेशन करणाऱ्या या लायब्ररीच्या देखभालीत हळूहळू विश्वास मिळवत गेलेल्या एका व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातली. काही लिनक्स वितरणांनी दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरला जोडलेल्या दुसऱ्या एका लायब्ररीमार्फत एक्सझेड तिथे पोचत होती, म्हणून ही चोरवाट थेट सर्व्हरच्या मुख्य दरवाजापर्यंत जात होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले. तो मागोवा घेत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळे जाहीर केले.

या दोन्ही घटना सिस्टिम लायब्ररीच्या विरोधात सांगितल्या जातात. मी त्या पूर्ण पाहते. एक्सझेडची चोरवाट डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत, फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या येऊ घातलेल्या आवृत्तीपर्यंत पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनी एक्सझेड होती आणि ती सुरक्षित राहिली. उघड झाल्यावर वितरणांनी मागची आवृत्ती पुन्हा दिली आणि नेहमीच्या अपडेटने ती सगळीकडे गेली. कोणाच्या मशिनवर कोणती आवृत्ती आहे हे एका कमांडने सांगता येत होते. सिस्टिम लायब्ररीतही चूक होते, घातपातही होतो. पण तिच्या मागे नाव असलेला माणूस, जाहीर नोंद आणि दुरुस्ती पोचवण्याची ठरलेली वाट असते. या तीन गोष्टी बंडल केलेल्या लायब्ररीलाही असतील तर माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. त्या नसतील तर प्रोग्रॅम देणाऱ्याने नागरिकांच्या माहितीवर न सांगता धोका लादलेला असतो.

हा मध्यममार्ग माझ्या कल्पनेतला नाही. डेबियनच्या धोरणात इतरांचा कोड आपल्या पॅकेजमध्ये उतरवून वापरू नये असे सांगितले आहे, आणि जिथे तसे झाले आहे त्याची यादी डेबियनचे सुरक्षा पथक ठेवते. फेडोराचा नियम आधी फार कडक होता. बंडल करायचे तर समितीकडून सूट घ्यावी लागे. २०१५ मध्ये त्यांनी तो सैल केला, पण एक अट घातली : जे बंडल केले असेल त्याचे नाव आणि आवृत्ती पॅकेजच्या माहितीत ठराविक पद्धतीने लिहायचीच. एका लायब्ररीत दोष निघाला की तिच्या प्रती कोणकोणत्या पॅकेजांत आहेत, हे त्या नोंदीवरून लगेच विचारता येते.

कंटेनरबद्दल एक शब्द, कारण आजकाल पुरवठादार ‘आम्ही डॉकर वापरतो’ असे सांगून हा विषय संपवतात. कंटेनर इमेजमध्ये प्रोग्रॅमबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्रऱ्याही बांधलेल्या असतात. त्या दिसायला सिस्टिम लायब्रऱ्या, पण वागायला बंडल केलेल्या. बाहेरच्या सर्व्हरवर अपडेट चालवल्याने इमेजच्या आतली लायब्ररी बदलत नाही; इमेज पुन्हा बिल्ड करून पुन्हा चढवावी लागते. दोन वर्षांपूर्वी बनवलेली इमेज तशीच चालू असेल तर तिच्यातली प्रत्येक लायब्ररी दोन वर्षे जुनी आहे, सर्व्हरचा अपडेट अहवाल कितीही स्वच्छ असो.

केंद्राच्या पातळीवर दिशा ठरलेली आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल, म्हणजे एसबॉमबद्दल, तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या सेबीने शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली, तिच्यातही एसबॉम आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनातील घटकांची नोंद ठेवणे आणि साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेची दुरुस्ती देणे ही जबाबदारी तो कायदा उत्पादकावर टाकतो. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या ज्या कंपन्या युरोपला सॉफ्टवेअर विकतात त्यांना हे करावेच लागणार आहे. जे काम त्या युरोपच्या ग्राहकासाठी करतील ते महाराष्ट्राच्या नागरिकासाठी का करू नये?

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, सॉफ्टवेअर सुपूर्द करताना आणि प्रत्येक अपडेटबरोबर सर्व लायब्रऱ्यांची नावे व आवृत्त्या असलेली, यंत्राला वाचता येणारी यादी घ्यावी. एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स यांपैकी कोणताही नमुना चालेल. सिफ्ट, ट्रिव्ही अशी विनामूल्य साधने ती बरीचशी तयार करून देतात, त्यामुळे छोट्या कंपनीवरही फार भार येत नाही. मात्र हाताने उतरवलेला किंवा नाव बदलून मिसळलेला कोड या साधनांना हमखास सापडतोच असे नाही. म्हणून यादी पूर्ण असल्याचे पुरवठादाराने सहीनिशी लिहून द्यावे.

दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठिंब्यात असलेली लायब्ररी पुरेशी असेल तर तीच वापरावी. बंडल करायचेच असेल तर प्रत्येक लायब्ररीपुढे एका ओळीत कारण आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीचे पद लिहावे. कारण लिहावे लागले की सवयीने केलेली बंडले आपोआप कमी होतात.

तिसरी, दोष जाहीर झाल्यापासून दुरुस्ती देण्याची मुदत करारात असावी. अतिगंभीर दोषासाठी सात दिवस आणि बाकीच्यांसाठी एक महिना, असे मी सुचवते. दुरुस्ती म्हणजे नवी फाइल सर्व्हरवर ठेवणे एवढेच नाही. आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. सेवा पुन्हा सुरू करून नवी प्रत वापरात आल्याचे दाखवल्यावरच काम पूर्ण धरावे.

चौथी, सोर्स कोड आणि बिल्ड करण्याची संपूर्ण कृती विभागाकडे जमा असावी, आणि स्वीकृती चाचणीत एक लायब्ररी बदलून पूर्ण सॉफ्टवेअर नव्याने बिल्ड करून दाखवायला सांगावे. ज्याला ते शांततेच्या दिवशी जमत नाही त्याला संकटाच्या रात्री जमणार नाही. करार संपला किंवा कंपनी बंद पडली तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येईल, तेही यामुळेच.

पाचवी, पीडीएफ आणि छपाईसह प्रत्येक ठिकाणी मराठी तपासण्यासाठी एक प्रमाण मजकूर विभागाने तयार करावा. त्यात वेलांट्या, रफार, ‘दऱ्या’सारखे शब्द, तीन-चार व्यंजनांची जोडाक्षरे आणि रुपयाचे चिन्ह असावे. पडद्यावर एक आणि दाखल्यात दुसरे दिसले तर काम स्वीकारू नये.

सहावी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची : या कामाचे पैसे द्यावेत. वार्षिक देखभाल करारात लायब्रऱ्यांच्या देखभालीची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम असावी. सर्वांत कमी दराची निविदा निवडायची, देखभालीला जेमतेम तरतूद ठेवायची आणि नंतर पुरवठादाराने पदरमोड करून लायब्रऱ्या ताज्या ठेवाव्यात अशी अपेक्षा करायची, हे न्याय्य नाही आणि होतही नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही या पत्रातून सांगायचे आहे. दुसऱ्याची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायला एक मिनिट लागते. त्या मिनिटापासून तिच्या दोषांची बातमी ठेवणे, तिची नवी आवृत्ती आणणे, तपासणे आणि ग्राहकापर्यंत पोचवणे हे आपले काम होते, आणि ते प्रोग्रॅम वापरात असेपर्यंत संपत नाही. तेवढी तयारी असेल तर जरूर बंडल करा. नसेल तर ज्यांनी ते काम पत्करले आहे त्यांच्या, म्हणजे सिस्टिमच्या, लायब्ररीवर विसंबा आणि आपला प्रोग्रॅम तिच्या नव्या आवृत्त्यांवर तपासत राहा.

सचिव महोदय, यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय आणि निविदेच्या नमुन्यात एक परिशिष्ट पुरेसे आहे. ते परिशिष्ट जाहीर करून त्यावर अभियंत्यांकडून, छोट्या कंपन्यांकडून आणि विद्यापीठांकडून हरकती व सूचना मागवाव्यात, आणि त्यानंतर निघणाऱ्या पहिल्या निविदेपासून ते लागू करावे, ही विनंती. पुढचा गंभीर दोष जाहीर होईल त्या सकाळी ‘ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या विभागाकडे दुपारच्या आत असले पाहिजे.

आपली,
सर्व्हर आणि सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक अभियंता,
पुणे.